उसाकडं पाठ करून

"उठाबशा काढतीय का गं तू? प्लिए आहे ते, प्लिए! कढईत लोणी इरघळतं ना, तसं खाली जा. हां... धीरे धीरे... आता वर. अगं वर ये म्हणलं, विंचू चावल्यागत काय उठतीस!"

हे आमचे राकेश सर. मूळचे घोडेगावचे. बरीच वर्षं मुंबईत घालवून बॅले शिकून आले आणि आळेफाट्याला एका हार्डवेअरच्या दुकानावर त्यांनी डान्सक्लास काढला. आठवडाभर तिथं बायकांचा झुंबा आणि लग्नातले नाच चालतात. बॅले फक्त रविवारी, कारण बॅलेला पोरी येतात मोजून मूठभर, आणि त्यातल्याही निम्म्या टाचा दुखल्या की झुंबात पळतात. सरांचं बोलणं पण त्यांच्या क्लाससारखंच आहे. वाक्य घोडेगावात सुरू होतं, मध्ये हिंदी मालिकेत जाऊन येतं आणि फ्रान्सात संपतं. "ए बाय, तो पाय असा का टाकला राव? टेन्शन मत ले. आराबेस्क!" आराबेस्क म्हणजे एका पायावर उभं राहून दुसरा मागं लांब ताणायचा. बगळा मासा बघताना असतो ना, साधारण तसं. फक्त बगळ्याला घाम येत नाही.

जी एक पोरगी झुंबात पळाली नाही ती कल्याणी. माझी सख्खी मोठी बहीण.

घरात मी सगळ्यांचे आवाज काढते. पप्पांचा काढते, आईचा काढते, शेजारच्या झुंबरबाईचा तर असा काढते की तिची म्हैस वळून बघते. पण ताईचा आवाज काढता येत नाही, कारण ती बोलतच नाही. तिची नक्कल करायची तर पायांनीच करावी लागते. ओट्याशी भाकरी थापताना तिचा एक पाय मागं ताणलेला असतो. एसटीची वाट बघताना ती टाचा वर-खाली करते. आमच्या पिंपरी पेंढारच्या थांब्यावरची माणसं आधी विचारायची, "पोरीला मुंग्या आल्या का काय?" आता सवय झालीय.

पप्पांचं नाव भागुजी. त्यांचा टेम्पो आहे, बाजाराला भाजी नेतात. ताईची बारावी झाली तेव्हा त्यांनी तिला एक साल दिलं. "एक साल. पुण्याच्या त्या संस्थेत निवड झाली तर नाच. न्हाई झाली तर नर्सिंगला जायचं, आन मग रडायचं न्हाई." पुण्यातली ती मोठी नृत्यसंस्था दरवर्षी बाहेरगावची एकच मुलगी घेते. राहणं, जेवण, शिकणं सगळं तिथंच. ताई "बरं" म्हणाली. एवढंच. मी असते तर अंगणात लोळले असते.

तिची सरावाची जागा म्हणजे आमची कांदा साठवायची बराखी. कांदा विकला की हिवाळ्यापासून उन्हाळी कांदा येईपर्यंत ती रिकामी असते. पप्पांनी खाली प्लायवूड टाकून दिलं होतं, आणि भिंतीच्या बांबूपट्ट्यांना धरून ताई पाय ताणायची. पट्ट्यांच्या फटींतून ऊन आत यायचं आणि तिच्या अंगावर चट्टेपट्टे उमटायचे. झुंबरबाई फटीला डोळा लावून बघायची.

"द्रौपदे, ए द्रौपदे! पोरगी काय करतीय गं आत?"

"नाच हाय त्यो," आई म्हणायची.

"नाच? मग वाजंत्री कुठाय? आन हासत कशी न्हाई? नाचताना माणूस हासतं तरी, न्हाईतर रडतं तरी. ही तर पाण्याची मोटार बंद पडल्यागत तोंड करून फिरतीया!"

आम्ही हसलो. पण झुंबरबाई जे फटीतून बोलली तेच पुण्यात वातानुकूलित हॉलमध्ये बसून बोललं जाणार होतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

आता एक सांगायला हवं. आमच्याकडं बिबट्या आहे. आहे म्हणजे जशी एसटी आहे, सोसायटी आहे, तसा आहे. ऊस तिथं बिबट्या. लहानपणी बाकीची पोरं बडबडगीतं शिकतात, तेव्हा आम्ही आईचं हे शिकलो: "उसाकडं पाठ करायची न्हाई. बांधाला वाकून बसायचं न्हाई. उभं माणूस त्याला माणूस दिसतं, बसलं की शेरडू दिसतं. आन पळायचं तर मुळीच न्हाई!" अलीकडं बायका शेतात जाताना गळ्यात पट्टा घालतात. जुन्या टायरची पट्टी, तिला बाहेरून खिळे. बिबट्या मानेलाच धरतो ना, म्हणून. आई घालते, झुंबरबाई घालते, ताईही खुरपायला जाताना घालते. पट्टा घातला की मान खाली घालता येत नाही, कलतीही करता येत नाही. नारळ डोक्यावर ठेवल्यासारखं चालावं लागतं.

क्लासच्या पहिल्या दिवशी राकेश सरांनी ताईला बघितलं आणि म्हणाले, "क्या बात है! मान बघा हिची! पोरी सालभर घासतात तरी अशी सरळ होत नाय. कुठं शिकलीस?"

ताई म्हणाली, "भुईमुगात."

तर फेब्रुवारीत निवडचाचणी झाली. ताई आणि सर पुण्याला गेले, संध्याकाळी सर ताईला मागं बसवून स्कूटरवरून थेट आमच्या अंगणात. हेल्मेट काढायच्या आधीच मला कळलं, कारण हेल्मेटच्या आत ते "च्, च्, च्" करत होते.

"द्रौपदाताई, पाय एक नंबर. फिरक्या एक नंबर. एक चूक नाय! आन तिथल्या मोठ्या मॅडम काय म्हणल्या माहितीय?" सरांनी चष्मा नसलेल्या नाकावरचा चष्मा सावरला आणि मोठ्या मॅडम झाले. मला फार आवडलं. "'ताट सुरेख वाढलंय हो. पण सगळं अळणी आहे. ही मुलगी कोण आहे, तिला काय होतंय, मला काही म्हणजे काहीच कळलं नाही. आणि शेवटी बसायचं होतं ना? मग ती बसली का नाही?'"

आई म्हणाली, "मीठ कमी आसंल तर वरून घेता येतं. त्यात काय एवढं?"

"तेच तर!" सर उडाले. "तेच! अजून एक संधी दिलीय. मार्च संपताना परत बोलावलंय. स्वतःचा नाच बसवून आणायचा. दोन मिनिटांचा. त्यात जान पाहिजे, जान! नाय तर जागा दुसरीला."

"आन न्हाईतर नर्सिंग," पप्पा टेम्पोखालून म्हणाले. ते तिथं काहीतरी पिळत होते.

ताई शेवटी का बसली नाही, हे सरांनी तिला रस्ताभर विचारलं होतं. ती म्हणाली होती, "बसले की." तिला खरंच वाटत होतं की ती बसली.

मग सुरू झालं वरून मीठ घालणं. सर बराखीत येऊन टाळ्या वाजवायचे. "एक्स्प्रेशन! कल्याणी, एक्स्प्रेशन दे! आता तू दुःखात आहेस. तुझं सगळं गेलंय. दे!" ताई भुवया वर घ्यायची, ओठ खाली पाडायची, एक हात कपाळाला. "आता प्रेम! दे!" भुवया तिथंच, ओठ वर. "आता भीती!" डोळे एवढे मोठे की मला वाटायचं निघून प्लायवूडवर गडगडतील.

झुंबरबाई फटीतून बघून गेली आणि वाटीत लवंगा घेऊन आली. "घे बाय, दाढंखाली धर. लई ठणकतीय जणू."

सर भिंतीला टेकून खालीच बसले. ताईनं खरंच एक लवंग तोंडात टाकली आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. ती अशीच आहे. हसत नाही, चिडत नाही, परत करते. पण त्या दिवशी प्लायवूडवर तिचा पाय जरा जोरात आपटला. पहिल्यांदाच.

दुसऱ्या रविवारी सरांनी निवडीचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. अंगणात खाटेवर मोबाइल, भोवती आई, झुंबरबाई, ताई आणि मी. व्हिडिओत मोठं स्टेज, दोन्ही बाजूंना काळे पडदे, मध्ये आमची ताई. एक चूक नाही. सगळे "वा वा" म्हणत होते आणि मला खुदुखुदू हसायला यायला लागलं.

"काय गं साक्षे?" आई म्हणाली.

"काय नाय. ताईची नक्कल करता येतीय."

"कर की मग!" झुंबरबाई पदर सावरून बसली.

मी टॉवेल कमरेला गुंडाळला आणि अंगणात उतरले. पहिली फिरकी घेतली. फिरण्याआधी डोळे सटकन डाव्या पडद्याकडं. दुसरी फिरकी, डोळे सटकन उजव्या पडद्याकडं. मागं जायचं तर तिरपं, खेकड्यासारखं, पाठ कुणाकडंच नाही. आणि शेवटी बसताना... खाली, खाली, खाली, गुडघा टेकला न टेकला, की टुणकन उभी! वर मान अशी ताठ की देवळाचा खांब.

"अगं बया बया, हुबेहूब!" झुंबरबाईनं मांडीवर थापा मारल्या.

सर हसले नाहीत. "परत कर," म्हणाले. मी परत केलं. मग व्हिडिओ परत लावला. प्रत्येक फिरकीआधी, खरंच, सटकन एक नजर. पडद्याकडं. फटीकडं. काळोखाकडं.

आई म्हणाली, "त्यात हासायसारखं काय हाय पर? दोन्ही अंगाला काळा पडदा हाय. बघाया नको?"

"द्रौपदाताई, स्टेज आहे ते," सर म्हणाले.

"आसंल की. पर पडद्यामागं काय हाय, तुमाला तरी ठाव हाय का?"

ताईनं मोबाइल हातात घेतला आणि अगदी जवळ धरला. व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला आणि म्हणाली, "मला वाटलं, मी समोर बघत होते."

आणि मग ती हसली! मोटार बंद पडलेलं तोंड नव्हे, खरंखुरं, दातांसकट. "सर," ती म्हणाली, "मीठ आहे की हो. मी झाकून ठेवलं होतं."

दुसऱ्या दिवसापासून ताईचं काहीतरी भलतंच सुरू झालं. भुईमुगात खुरपायला जायची आणि खुरपायचीच नाही. आईकडं बघत उभी राहायची.

"माझ्या तोंडाला काय लागलंय का?" आई म्हणायची.

"तू कर तुझं."

आई खुरपत असली की हात भराभर चालतो. मग कुठं टिटवी ओरडली, उसात पाचट वाजलं, की हात थांबतो. खुरपं हवेत. ते खाली येत नाही, वर जात नाही. आईचा चेहरा अगदी होता तसाच. भुवया वर नाहीत, डोळे मोठे नाहीत. फक्त श्वास आत जातो आणि तिथंच राहतो. मग डोळे सरकतात. मग पट्ट्यातल्या पट्ट्यात मान. काही नसलं की श्वास सुटतो, आणि खुरपं जिथं थांबलं होतं तिथूनच खाली येतं. हे मी रोज बघत आले. आईच्या आवाजाची नक्कल केली, शिव्यांची केली, पण हे थांबणं कधी करावंसं वाटलं नाही. ताईला वाटलं.

रविवारी तिनं सरांना ते करून दाखवलं. आराबेस्कमध्ये उभी, हात पुढं, आणि थांबली. सर "बॅलेत खुरपं? ए बाय, ते लोक..." असं म्हणतच होते आणि मध्येच गप्प झाले. कारण ते पण थांबले होते. त्यांचा चहाचा कप हवेत.

"हां," ते हळूच म्हणाले. "थांबली, पण थांबली नाय. आत चालूच आहे. हां! हेच!" आणि मग एकदम घोडेगाव, मुंबई, फ्रान्स एकाच वेळी. "तोंडानं काय करू नकोस! बिलकूल नाय! आधी श्वास. श्वासामागं डोळा, डोळ्यामागं मान, मानेमागं खांदा, आन हात सगळ्यात शेवटी, नको नको म्हणत. चल, परत! संथ!"

त्या दिवसापासून बराखीत जाऊन बघायची चोरी झाली, कारण गेलं की तिथंच उभं राहावं लागायचं. ताई पाऊल टाकायची तेव्हा वाटायचं, हिला काहीतरी ऐकू आलंय. काय आलं? मी पण कान द्यायचे. झुंबरबाई फटीतून बघताना बोलायची बंद झाली. झुंबरबाई! तिला म्हशीनं लाथ मारली तेव्हाही ती बोलायची बंद झाली नव्हती.

पण शेवट सापडत नव्हता. एका दुपारी ताईनं आईला विचारलं, "आई, तू बांधावर शेवटची कधी बसलीस?"

"बसलीस म्हंजी?"

"नुसती. भाकर खायला."

आई हसली. "येडी का काय तू. पयलं बसायचो की. साऱ्या बाया बांधाला बसायचो, चपला काढून, पाय लांब करून. हिची चटणी तिच्या भाकरीवं. झुंबरी तर जेवून घोरायची. आता कुणी बसतंय व्हय? उभ्या उभ्या दोन घास खायचं, न्हाईतर घरला पळायचं." मग खुरपं हातात घेत "लई दिस झालं गं," म्हणाली आणि परत खुरपायला लागली.

ताईचा नाच ठरला. एक बाई काम करते, ऐकते, घाबरते, परत काम करते. आणि शेवटी गळ्यातला नसलेला पट्टा काढून ठेवते, पाठ अंधाराकडं करते आणि खाली बसते. मान खाली घालते. बास. एक बाई घटकाभर बसते.

ऐकायला किती सोपं! पप्पांनी रोपवाटिकेतून काळं शेडनेट आणलं आणि बराखीत दोन्ही बाजूंना टांगलं, पडद्यासारखं. आणि ताईला बसता येईना. पाठ नेटकडं झाली की तिच्या मानेवरची लव उभी राहायची, मला दिसायची. गुडघे अर्ध्यात अडकायचे. बसलीच तर मान खाली घालायच्या जागी सटकन मागं वळायची. नेटमागं काय असायचं? कांदे! कारण एव्हाना उन्हाळी कांदा निघाला होता आणि बराखी एका बाजूनं भरत चालली होती. रोज ताईचं प्लायवूड थोडं थोडं आक्रसत होतं. इकडं जागा संपत होती, तिकडं दिवस संपत होते.

"नाय जमत तर उभीच राहा," सर शेवटी म्हणाले. "हात खाली घे, संपव. चालतंय."

"मग ती बाई कधी बसायची?" ताई म्हणाली.

सर उठले आणि नेटची सुटलेली दोरी बांधायला लागले.

निवडीच्या दिवशी आम्ही सगळे पप्पांच्या टेम्पोतून पुण्याला गेलो. मागं कोथिंबिरीच्या जुड्या, त्या बाजारात उतरवल्या आणि तसेच संस्थेच्या दारात. ताईच्या केसांना कोथिंबिरीचा वास. वॉचमननं शिट्टी मारली. "ओ टेम्पोवाले! भाजी मागच्या गेटनं!"

पप्पांनी मान बाहेर काढली. "भाजी न्हाई भाऊ. डान्सर हाय."

वॉचमननं आत वाकून बघितलं. पुढं तीन माणसांच्या जागेत पाच माणसं, आणि मध्ये ताठ मानेची ताई. "जाऊ द्या," म्हणाला.

हॉल काळाकुट्ट. आम्ही मागच्या रांगेत बसलो. समोर मोठ्या मॅडम, चष्मा नाकाच्या टोकावर, अगदी सरांनी केल्या होत्या तश्शाच. त्यांच्या दोन्ही बाजूंना आणखी दोघं परीक्षक. ताईच्या आधी एका मुलीनं इतक्या फिरक्या घेतल्या की मलाच घेरी आली. आई माझ्या कानात, "ही लई हासती गं. आपल्या पोरीला हासाया सांगितलंय का कुणी?" आईनं ताईचा नवा नाच बघितलाच नव्हता. ताईनंच बघू दिला नव्हता. म्हणाली होती, तू समोर असलीस की मला तुझी नक्कल केल्यासारखं वाटतं.

ताई आली. दोन्ही बाजूंना काळे पडदे, मध्ये ती एवढीशी. पियानो संथ वाजायला लागला.

सांगू काय झालं? ती नाचली नाही. ती शेतात गेली. हात खाली गेला, वर आला, गेला, आला, आणि थांबला. माझ्या शेजारी आईचा श्वास आत गेला. मी बघितलं. तिकडं ताईचा, इकडं आईचा, एकाच वेळी. ताईचे डोळे सरकले, मग मान, मग खांदा, आणि हात शेवटी, नको नको म्हणत. काही नाही. श्वास सुटला. दोघींचा सुटला. मग पुन्हा काम, मोठं, लांब, अख्ख्या स्टेजभर, तो बगळ्यासारखा पाय एवढा मागं गेला की वाटलं आता उडणार! मोठ्या मॅडमनी चष्मा वर ढकलला. मी सरांचा हात धरला.

आणि आलं. ती जागा आली. ठरल्याप्रमाणे पियानो बंद. ताईनं दोन्ही हात गळ्याशी नेले, नसलेला पट्टा सोडवला, खाली ठेवला. वळली. पाठ सरळ काळ्या पडद्याकडं. गुडघे वाकायला लागले. लोणी इरघळतं तसे. खाली. खाली. इथंच तर ते अडकायचे! मी डोळे मिटले, परत उघडले. ती बसली होती. पण मान अजून ताठ होती. मानेवर लव...

"ऊठ गं कल्याणी! पाठ नको करू! ऊठ!"

आई. उभी राहून. अख्ख्या हॉलमध्ये.

गेलं! सालभराचं सगळं गेलं, नर्सिंग! सरांनी दोन्ही हात डोक्यावर मारले.

पण ताई हलली नाही. टुणकन उठली नाही, मागं वळली नाही. तिच्या पाठीतून एक श्वास खाली उतरला, आणि ती ताठ मान, भुईमुगात घडलेली ती खांबासारखी मान, हळूहळू खाली झुकली. जणू कुणी पाठीवरून हात फिरवला. आणि ती तशीच बसून राहिली. घटकाभर.

मी परीक्षकांकडं बघितलं. तिघंही ताईकडं बघत नव्हते. तिघंही काळ्या पडद्याकडं बघत होते.

"कोण ओरडलं?" मोठ्या मॅडमनी मागं वळून विचारलं.

"म्या," आई म्हणाली. तिचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. "चुकलं बाई. पर पोरगी उसाकडं पाठ करून बसली व्हती."

मॅडमनी पुन्हा एकदा पडद्याकडं बघितलं, मग आईकडं. "बाहेर थांबा," म्हणाल्या.

बाहेर हिरवळ होती, कडेनं दाट मेंदीचं कुंपण. आई स्वतःच्या तोंडावर हळूहळू चापट्या मारत होती. "माझ्या जिभंला काय झालं! म्या घालवलं गं पोरीचं." पप्पा म्हणत होते, "असू दे आता." राकेश सर नुसतेच कुंपणाची पानं तोडत होते, एकेक. ताई मात्र गवतावर टाचा वर-खाली करत उभी होती आणि तिचे डोळे चमकत होते. "बसले मी," ती म्हणाली. "सर, बसले!"

"बसलीस बाय," सर म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं.

तेवढ्यात दार उघडलं आणि मोठ्या मॅडम स्वतः बाहेर आल्या. आई पदर तोंडाला लावून सरांच्या मागं सरकली.

"जूनपासून यायचं," मॅडम ताईला म्हणाल्या. "पहाटे पाचला उठावं लागेल."

आम्हाला कळायला जरा वेळ लागला. मग मी अशी किंचाळले की वॉचमन धावत आला. पप्पांनी टोपी काढली, परत घातली, परत काढली. सर गवतावर फिरकी घेऊन पडले. आई पदरामागून म्हणाली, "पाचला? मग एवढा उशिरापतूर झोपून करायचं काय?"

मॅडम हसल्या. "एक विचारू? ती शेवटी मान खाली गेली, ते आधी बसवलं होतं? की आईंनी हाक मारली म्हणून?"

ताईला एवढं लांब बोलताना मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. "बसवलं होतं, पण जमत नव्हतं. आईचा आवाज आला ना, तेव्हा वाटलं, आता हरकत नाही. तिकडं कुणीतरी बघतंय."

मॅडमनी ताईच्या केसांवरून हात फिरवला, हाताचा वास घेतला, "कोथिंबीर?" म्हणाल्या आणि आत गेल्या.

मग आम्हाला भूक लागली. सकाळपासून कुणी खाल्लं नव्हतं. आईनं फडकं सोडलं, भाकरी काढली आणि सवयीनं उभ्यानंच मोडायला लागली, डोळे त्या मेंदीच्या कुंपणावर.

"बस," ताई म्हणाली.

"र्‍हाऊ दे. हितं पण झाडी हाय."

ताई कुंपणाकडं तोंड करून उभी राहिली, पाय जुळवून, मान ताठ. "मी बघते तिकडं. बस तू."

आईनं आमच्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. चपला काढल्या. कुंपणाकडं पाठ केली. आणि गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू, हळूहळू खाली गेली.

"प्लिए!" राकेश सर गवतावरून ओरडले. "एक नंबर! द्रौपदाताई, परफेक्ट प्लिए!"

"गप ए," आई पाय लांब करत म्हणाली, "आधी चटणी दे."